बाजूच्या सीटवरची

पोलादपूरच्या एसटीत माझ्या शेजारी एक मावशी करवंदांची पाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझ्या पुस्तकातला बसमध्ये बसलेल्या बाईचा फोटो बघून त्यांनी विचारलं, "कोन गो ही?"

"अमेरिकेतली काळी बाई. गोऱ्या माणसासाठी सीटवरून उठली नाही, म्हणून पोलिसांनी पकडली."

"रुमाल टाकून जागा धरली नव्हती काय तिनं?"

"नाही हो, रंगावरून उठवत होते."

"मंग बाजूची बाय काय करत व्हती?"

मी पान उलटून शोधू लागले.

तेवढ्यात कडक इस्त्रीतला एक माणूस म्हणाला, "ए पाटीवाली, मागं जा. मला बसू दे."

मावशी खिडकीबाहेर बघत करवंद चघळत राहिल्या.

कंडक्टरकडे तिकीट मागतानाही मी अडखळते. तरी त्या माणसाला म्हणाले, "काका, त्या आधी बसल्यात."

माझ्या हातावर करवंदं ठेवत मावशी म्हणाल्या, "आवाज हाय की गो तुला!"