लिंबूवालीचा आवाज

गटातल्या साऱ्या बाया माझ्या ओट्यावर बसल्या होत्या आणि मी घरामागच्या बोळात, कूलरच्या स्टँडआड उकिडवी बसले होते. पाठीवर पाणी ठिबकत होतं. आमच्या कर्जाच्या गटाचा नियमच तसा. एकीनं हप्ता चुकवला की बाकीच्यांनी तिच्या दारात बसायचं, पैसे येईपर्यंत उठायचं नाही. दुसऱ्यांच्या दारात मीही बसले होते, शेंगा खात.

मला आमच्या गटातल्याच लिंबूवालीनं शोधलं. अकोल्यात जुन्या शहराच्या बाजारात ती लिंबं विकायची. तिची हाक मोर्णा नदीपलीकडं ऐकू जाई. हळू बोलणं तिला येतच नाही असं आम्ही समजत होतो. ती वाकली, म्हणाली, "सरक." आणि माझ्याजवळ चिखलात बसली. मग इतकं हळू बोलली की मला कान द्यावा लागला.

"आधी पुलावर पाहून आली मी तुले."

पुलावर का, ते मी विचारलं नाही. दोघींना माहीत होतं.

मग उठून ओरडली, "अवं, हे कूलरात पाणी भरून राह्यली अन् आपण बसलो बोंबलत! आजचा हिचा हप्ता माह्याकडून घ्या." बाया हसल्या. पाणी भरण्याच्या थापेवर कुणाचाही विश्वास बसला नव्हता, पण हप्ता मिळाला तशा त्या उठल्या.

कर्ज लेकीच्या लग्नाचं होतं. अमरावतीचं स्थळ, म्हणून आंदणात फ्रिज, कपाट, पंगतीला दोन-दोन गोडाचे पदार्थ. लोकांनी वाहवा केली आणि जेवून गेले. पुढचेही हप्ते जमेनात तेव्हा मी दुसऱ्या गटाकडून कर्ज उचलायला निघाले. लिंबूवाली म्हणाली, "काहून व, एक भोक बुजवाले दुसरं पाडतं का?"

तिनं मला आपल्या शेजारी मेथीच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन बसवलं. लग्नात जेवलेलेच लोक भाव करायचे. मी पदर ओढून खाली पाहायची. "तोंड वर कर. सांभार वाळून राह्यला, तू नको वाळू." दुपारी भाकरी सोडली की तिचा दंडक ठरलेला: "जेवताना कर्जाचं नाव काढाचं नाई. उपाशी बाईचा हिशेब चुकते."

लेकीचे फोन मी उचलत नव्हते. रिकाम्या हातानं तिच्या घरी कशी जाऊ? एकदा लिंबूवालीनं पिशवीत लिंबं भरली, मला अमरावतीच्या एसटीत बसवलं आणि स्वतःही बसली.

लेक दारातच रडली. "आई, मले वाटलं तू रागावली."

मी तोंड उघडायच्या आत लिंबूवाली गरजली, "रागावली गिगावली नाई. तुह्या लग्नाचं कर्ज फेडून राह्यली, म्हणून लाजते."

जावई आत चहा पीत होते. शेजारणी दारात आल्या. मला तिचा गळा दाबावासा वाटला. पण परतीच्या एसटीत मला झोप लागली. कित्येक महिन्यांत तशी लागली नव्हती.

कर्ज फिटलं. शेवटच्या हप्त्याला लिंबूवाली नव्हती. उन्हाळ्यात बाजारातच, बसल्या बसल्या गेली. तिच्या जागेवर बसायची मला लाज वाटते. मी टोपली थोडी बाजूला लावते आणि हाक देते, जमेल तेवढी मोठी.

कूलरमागं लपले होते ती मी. मला शोधत आली ती गेली. मी जगले.