याकूबभाईंनी मागे घेतलेली तक्रार

हा लेख लिहिण्याची माझी इच्छा नव्हती. श्री. याकूबभाई आतार यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे दोनदा लेख मागितला आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटले. गौरवग्रंथातल्या माणसाला त्याच्या घरचे लोकही ओळखणार नाहीत, असे माझे जुने मत आहे. मग एके सकाळी याकूबभाई स्वतःच माझ्या दारात उभे राहिले. हातात या ग्रंथाची अनुक्रमणिका होती. ती माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "ताई, जिंकलेली कामं सगळ्यांनी लिवलीत. चुकलेलं एक बी न्हाई. गटाराचं तुमी लिवा. न्हाईतर मी स्टेजवर येत न्हाई."

ते येत नाही म्हणाले की येत नाहीत. म्हणून हा लेख.

ज्यांचा त्यांच्याशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. याकूबभाई चाकणजवळच्या एका खेड्यातले. आयटीआय करून ते चिंचवडच्या एका कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तपासणी विभागात राहिले. तयार झालेला भाग, कारखान्याच्या भाषेत 'जॉब', ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही हे मोजायचे, असेल तर पास करायचा, नसेल तर परत पाठवायचा, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर ते मुलाकडे मोशीला राहायला आले. मीही त्याच सुमारास एका कंपनीच्या खरेदी विभागातून निवृत्त होऊन तिथल्याच एका सोसायटीत राहायला आले होते.

आमची पहिली भेट भांडणाने झाली. सोसायटीसमोर रस्त्याचे काँक्रीट चालले होते आणि धुळीने सगळे हैराण होते. भर दुपारी एक गृहस्थ रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून काहीतरी बघत बसलेले दिसले. ठेकेदाराचा मुकादम समजून मी त्यांना धरले. काम कधी संपणार, पाणी का मारत नाही, म्हातारी माणसे चालणार कुठून, असे बरेच काही सुनावले. माझे संपल्यावर ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. आता हे टेपचं टोक जरा धरा." मी धरले. काँक्रीटची जाडी ठरल्यापेक्षा कमी भरली. पुढे ठेकेदाराला तो तुकडा उखडून पुन्हा करावा लागला. टेपचे ते टोक त्यानंतर माझ्याकडेच राहिले.

त्यातून आमचा गट उभा राहिला. त्याला आम्ही नाव दिले नाही. लोक "टेपवाले" म्हणू लागले. "आले टेपवाले, आता खडी मोजत बसतील," असे ठेकेदारांची माणसे आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. याकूबभाई त्यांना हात करून चहाला बोलवत.

त्यांनी या कामाला कारखान्याची शिस्त लावली. माहिती अधिकारात अर्ज करून कामाचे अंदाजपत्रक आणि नकाशा मिळवायचा. मग प्रत्यक्ष जागेवर मोजायचे. आलेला आकडा वहीत लिहायचा आणि रविवारी सकाळी गिरणीवाल्या नानांच्या फळ्यावर लावून सर्वांसमोर मोठ्याने वाचायचा. दळण घेऊन आलेल्या बायका, शिफ्ट संपवून परतणारी मुले, कोणीही शंका विचारावी. ठेकेदार आणि अभियंता यांनाही या वाचनाचे निमंत्रण जाई. "ज्याच्यावर बोलायचं तो समोर पायजे," हा भाईंचा नियम होता. या सगळ्यातून जे टिकेल त्याचीच तक्रार जायची. ती लिहिण्याचे काम माझ्याकडे होते.

यात नवे काही नाही असे वाटेल. पण आपल्याकडे सार्वजनिक कामाबद्दल बोलणारे पुष्कळ असतात. सगळे खातात, असे म्हटले की पुढे काही करावे लागत नाही. भाईंना हे वाक्य अजिबात चालत नाही. कोणी म्हटले की ते विचारतात, कोणते काम, कोणती गल्ली, चला बघू. बहुतेक जण येत नाहीत. जे आले त्यांचा आमचा गट झाला.

आता गटाराचे.

गावठाणाला लागून असलेल्या एका गल्लीत पावसाळी पाण्याचे गटार झाले होते. नकाशाची प्रत आमच्याकडे आधीपासून होती. भाईंनी चेंबरमधून सळई सोडली, तर खोली नकाशापेक्षा चांगली वीतभर कमी. चार ठिकाणी मोजले, चारही ठिकाणी तेच. पावसाळा तोंडावर आला होता आणि लोक चिडलेले होते. शिवाय आधीची तीन कामे आम्ही पकडली होती आणि आम्हाला त्याची चटक लागली होती, हे मी आज कबूल करते. कामावरच्या कनिष्ठ अभियंता शीतल देशमाने यांना वाचनाचे निमंत्रण गेले. त्या प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होत्या, त्यांनी पुढचा रविवार मागितला. आम्ही थांबलो नाही.

तक्रार मी लिहिली. तिच्यात एक वाक्य होते: "संबंधित अभियंत्यांची कार्यक्षमता आणि हेतू दोन्ही संशयास्पद आहेत." भाईंनी कच्चा मसुदा वाचून "हेतू" या शब्दावर बोट ठेवले आणि तो काढायला सांगितला. हेतू आपण मोजलेला नाही, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, धार नसलेले पत्र कार्यालयात कोणी वाचत नाही. माझी वीस वर्षे अशी पत्रे वाचण्यात आणि लिहिण्यात गेली होती. त्यांनी बोट उचलले आणि सही केली.

पत्राचा परिणाम झाला. त्यात हेतूचा आरोप होता, म्हणून शीतल यांना कारणे दाखवा नोटीस निघाली. त्यांची नोकरी नवी होती, कायम होण्याचा आदेश निघायचा होता, तो अडकला. आमच्याकडे नोटिशीची प्रत आली तेव्हा नानांनी गिरणीसमोर सगळ्यांना चहा पाजला. मीही प्यायले.

पुढच्या आठवड्यात शीतल स्वतः त्या गल्लीत आल्या. परभणीकडची, पंचविशीची मुलगी. स्कूटर लावली, हेल्मेट काढले आणि सरळ भाईंपुढे येऊन उभी राहिली. ती रडेल किंवा भांडेल असे मला वाटले होते. तिने एवढेच विचारले, "काका, तुम्ही रुंदी मोजलीत का?"

आम्ही रुंदी मोजली नव्हती.

भाईंनी तिथेच टेप काढला. रुंदी नकाशापेक्षा बरीच जास्त भरली. मग शीतल यांनी पिशवीतून सुधारित नकाशा काढून दाखवला. गावठाणाची जुनी पाण्याची पाइपलाइन त्या गल्लीखालून आडवी गेली आहे. खोल खणले असते तर ती फुटली असती आणि अर्धे गावठाण तहानले असते. म्हणून त्यांनी गटार उथळ पण रुंद केले होते. तेवढेच पाणी जाते. वरिष्ठांची मंजुरी होती. आम्ही नकाशाची प्रत घेतली त्यानंतर ती झाली आणि तक्रारीआधी फाइल पुन्हा पाहावी असे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही.

कारखान्यात तपासनीस पहिल्यांदा काय बघतो, तर हातातले ड्रॉइंग ताजे आहे की जुने. हे भाईंनीच आम्हाला पहिल्या दिवशी शिकवले होते. ते गटाराच्या कडेला खाली बसले. टेप गुंडाळत म्हणाले, "जुन्या ड्रॉइंगवर चांगला जॉब रिजेक्ट केला मी."

त्याच संध्याकाळी आम्ही गिरणीत बसलो. तक्रार मागे घ्यायची, यावर दुमत नव्हते. पण कशी, यावर चांगलीच वादावादी झाली. बहुतेकांचे मत असे की गाजावाजा न करता एक ओळीचे पत्र द्यावे. नाना म्हणाले, "भाई, फळ्यावर लावलं तर उद्यापास्नं कुत्रं इचारणार न्हाई आपल्याला. ठेकेदार हसत्याल. पुढची खरी तक्रार बी खोटीच ठरंल." मलाही ते पटले होते. मी तसे बोलूनही दाखवले.

भाईंनी सर्वांचे ऐकून घेतले. मग म्हणाले, "नाना, तक्रार फळ्यावर लावली तवा त्या पोरीला इचारलं हुतं का, तिला कोण इचारंल म्हणून?"

रविवारी त्यांनी स्वतः वाचले. मोजमाप बरोबर होते, नकाशा जुना होता, रुंदी मोजली नाही, अभियंत्यांना बोलायची संधी दिली नाही, हेतूबद्दल लिहिले ते निराधार होते, चूक आमची. "आमची" हा शब्द त्यांनी माझ्याकडे न बघता वाचला. ते वाक्य कोणाचे होते, हे त्यांनी आजपर्यंत कोणाला सांगितलेले नाही. मी आज सांगत आहे.

पण पत्र देऊन प्रकरण मिटले नाही. मागे घेतलेल्या तक्रारीकडे कार्यालय जास्तच संशयाने बघते, हे आम्हाला तेव्हा कळले. पैसे खाऊन तडजोड झाली असणार, असे तिथेही बोलले गेले आणि मोशीतही. चहाच्या टपरीवर एकाने भाईंना विचारले, "चाचा, फुटाला काय भाव लागला?" भाई म्हणाले, "फळ्यावर कागद हाय. आधी वाच, मग भाव कर." आणि चहा संपवून ते महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे जाणाऱ्या बसला उभे राहिले. ते पुन्हा पुन्हा गेले. साहेब भेटले नाहीत तर बाकावर बसून राहिले. 'गैरसमजातून तक्रार झाली' असे मोघम लिहून द्या, प्रकरण बंद करतो, असे त्यांना सुचवण्यात आले. ते त्यांनी नाकारले. गैरसमजाला कोणी जबाबदार नसते, चुकीला असते, असे ते मला परतीच्या बसमध्ये म्हणाले. शीतल यांचा कायम होण्याचा आदेश हाती पडला, त्यानंतरच त्यांच्या फेऱ्या थांबल्या.

नाना म्हणाले होते तसे काही महिने झाले. ठेकेदार हसले. दोन सभासद गट सोडून गेले. मग एके दिवशी शीतल यांचा फोन आला. दुसऱ्या गल्लीत गटाराचा तळ भरायचा आहे, काँक्रीटने झाकण्याआधी येऊन बघून घ्या. तोवर आम्ही नेहमी काम झाकल्यावर मोजत होतो, झाकण्याआधी आम्हाला कोणी बोलावले नव्हते. तिथून पुढे आमच्या भागात हा रिवाज पडला. आता दुसरे अभियंतेही बोलावतात. सगळे नाही, पण बोलावतात. पकडलेल्या कुठल्याही चोरीपेक्षा हे मला मोठे वाटते.

भाईंच्या स्वभावातला ओलावा दाखवणारी एकच गोष्ट सांगते. माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा मला बारीक अक्षर वाचता येत नव्हते. एक अर्ज तातडीचा होता. भाईंनी त्या फाइलची सगळी पाने मोठ्या, ठळक अक्षरात पुन्हा लिहून आणली. विचारपूस केली नाही, की विश्रांती घ्या म्हणाले नाहीत. "उद्यापर्यंत पायजे," एवढे बोलून गेले. मला एवढे बरे कशानेच वाटले नसते.

या वर्षी त्यांनी गटाचे सगळे कागद गावठाणातल्या वाचनालयाला द्यायचे ठरवले. कोणीही यावे, बसून वाचावे. यादी करताना पुन्हा तोच प्रश्न आला. गटाराची तक्रार यादीत घ्यायची का? मी म्हटले, एवढे एक पान वगळा. नवी मुले हे कागद बघून काम शिकणार आहेत, त्यांच्या मनात शंका कशाला. भाई म्हणाले, "ताई, लोकांच्या पैशाचा कागद लपवू नका म्हणून आपन सरकारला सांगतो. मग आपला कागद कुणाचा?" मी यादीत ते पान लिहिले.

याकूबभाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना गुडघे अजून पुष्कळ वर्षे रस्त्याच्या कडेला टेकता यावेत, नजर सुताइतकी सरळ राहावी, साखर ताब्यात राहावी, आणि पुढे कधी ते चुकलेच, तर तसे तोंडावर सांगणारी माणसे त्यांना कमी पडू नयेत, ही त्यांच्या सर्व स्नेह्यांच्या वतीने मनापासून इच्छा.

कागद सुपूर्द केले त्या दिवशी शीतल देशमाने आल्या होत्या. त्यांची आता दुसऱ्या भागात बदली झाली आहे. त्यांना कोणी बोलावले नव्हते. वाचनालयाच्या नोंदवहीतली नोंद जशीच्या तशी देते:

"मोजणीच्या वह्या, सर्व. माहिती अधिकारातील अर्ज व उत्तरे, बांधलेले गठ्ठे. तक्रारी व त्यांचे निकाल. गावठाणालगतच्या गटाराची तक्रार, सुधारित नकाशाची प्रत आणि तक्रार मागे घेतल्याचे पत्र, तिन्ही एकत्र शिवलेले, वेगळे करू नयेत. देणार: याकूब आतार. घेणार: ग्रंथपाल. पाने तपासून बरोबर असल्याची सही: शीतल देशमाने."