आहेराच्या साडीचा माग काढत: देवळाली प्रवरा, घोडेगाव, खर्डा

मी पुण्यात एका शाळेत भूगोल शिकवते आणि चाळिशी ओलांडल्यावर मानवशास्त्रात एम.ए. करते आहे. घरचे याला 'तिचं ते' म्हणतात. "तिचं ते चालू आहे, आज खिचडीच मिळेल," वगैरे.

पहिल्या सत्रात भेटवस्तूंवर निबंध लिहायचा होता. दूर समुद्रात काही बेटं आहेत. तिथली माणसं शिंपल्यांचे दागिने एकमेकांना देतात, मिळालेला दागिना काही दिवस ठेवून पुढच्या बेटावर देतात आणि त्यातूनच नाती टिकवतात. यावर मी बारा पानं लिहिली. सरांनी ती परत केली. वर लाल शाईत शेरा होता: "हे पुस्तक मी वाचलेलं आहे. यात तुम्ही कुठे आहात? पुन्हा लिहा."

मी कुठे आहे ते मला त्याच आठवड्यात कळलं. नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आलेल्या साड्या कपाटात लावताना सुलूमावशीने दिलेल्या साडीतून एक चिठ्ठी पडली. साडी वांगी रंगाची होती, पिवळा काठ, काठावर बदकं. चिठ्ठीवर मावशीच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'शकुंतलाबाई, घोडेगाव.' शकुंतलाबाई म्हणजे मावशीच्या विहीणबाई, आमच्या पिंकीच्या सासूबाई. आलेली साडी चुकून दिलेल्या माणसालाच परत जाऊ नये, म्हणून मावशी चिठ्ठ्या घालून ठेवते. ही काढायची राहून गेली होती.

म्हणजे शिंपल्यांचा दागिना माझ्याच कपाटात येऊन बसला होता. नाताळच्या सुट्टीत तीन दिवस काढले, साडी पाठपिशवीत घातली आणि निघाले.

दिवस पहिला, देवळाली प्रवरा. शिवाजीनगरहून सकाळची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे ही सहल खिशाला फार जड जात नाही, पण खिडकी हवी असेल तर अर्धा तास आधी जा. बसवर पाटी अहिल्यानगरची, कंडक्टर ओरडतो 'नगर, नगर'. पुढे मनमाड रस्त्याला राहुरी फॅक्टरीच्या फाट्यावर उतरायचं आणि रिक्षाने आत. सध्या उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर आहेत. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असला की वेळापत्रक विसरा आणि निसर्ग पाहा. निसर्गही ऊसच आहे.

मावशीने हुरड्याचं थालीपीठ वाढलं. मी चिठ्ठी ताटाशेजारी ठेवली. मावशीने चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वैशे, आमी काय फाटकी दिली का तुला?"

"तसं नाही गं मावशी. मला अभ्यासाला हवंय. साडी कुणाकडून कुणाकडे जाते..."

"याचा अब्यास करत्यात? फी भरून?"

मग तिने कपाट उघडलं आणि मी थक्क झाले. एक खण ठेवायच्या साड्यांचा, एक द्यायच्या आणि एक 'अजून ठरलं न्हाई' वाल्यांचा. कोणत्या नात्याला केवढ्याची, बाळंतपणाला कोणती, जिच्याशी बोलणं बंद आहे पण लग्नाला जावंच लागतं तिला कोणती, हे सगळं तिने न अडखळता सांगितलं. माझी बारा पानं या तीन खणांपुढे फारच किरकोळ होती.

निघताना तिने माझा हात धरला. "घोडेगावला जा, पण ही साडी शकुंतलाबाईंना दाखवू नको. पिंकीला तिथंच नांदायचंय."

मी शपथ घेतली.

दिवस दुसरा, घोडेगाव. राहुरीहून सोनईमार्गे गेले. थेट गाडी मिळाली तर नशीब, नाहीतर सोनईला बदला. नेमका जनावरांच्या बाजाराचा दिवस होता. शेवटचा टप्पा मी वडापच्या जीपमध्ये दोन शेळ्या आणि त्यांचे मालक यांच्या मध्ये बसून केला. एका शेळीने माझी ओढणी चघळली. मालक म्हणाले, "खाऊ द्या ताई, सुती दिसती."

शकुंतलाकाकू अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. ताठ बसणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. मी आहेराबद्दल सर्वसाधारण प्रश्न विचारायचं ठरवलं होतं. वही काढायला पिशवीत हात घातला, वहीची तार साडीला अडकली आणि दोन्ही बरोबरच बाहेर आल्या. साडी काकूंच्या पायाशी जाऊन पडली.

पिंकी काकूंच्या मागे उभी होती. तिने डोळे मिटून घेतले.

काकूंनी साडी उचलली, काठावरून अंगठा फिरवला. "हे पोपट माझ्या वळकीचे हायेत."

"बदकं आहेत ना?" मी म्हणाले.

"पोपट हायेत. ही मी तुझ्या मावशीला दिल्ती."

बाहेर बाजारातून कुठलीतरी म्हैस ओरडत होती. पिंकीचं नांदणं माझ्या वहीच्या तारेने मोडलं, असं मला वाटलं.

"पिंकी, च्या ठेव," काकू म्हणाल्या. पिंकी आत गेल्यावर त्या माझ्याकडे सरकल्या. "मावशीला सांगू नको मला कळलं म्हून. बिचारीला उगं लाजल्यावानी हुईल. आन मी तरी कुठं इकत आनलीती? मला खर्ड्याच्या ताराबाईनं दिल्ती. तीबी अंगनवाडीतच व्हती, ट्रेनिंगला आमी एका खोलीत ऱ्हायलो. लई जीव लावायची."

"मग तुम्ही नेसली का नाही?"

"हितं रोज कुनाचं ना कुनाचं कार्य. एकदा घाई झाली, हाताला हीच लागली." त्या थांबल्या. "मंग तिला त्वांड दाखवू वाटंना. तिचा फोन आला, मी उचलला न्हाई. दोनदा. मंग तिनं करायचंच सोडलं."

मी खर्ड्याला जाते म्हटल्यावर त्यांनी साडी माझ्या पिशवीत परत घातली, पत्ता दिला आणि दुसरी शपथ घातली: मी ती साडी पुढे देऊन टाकली, हे ताराला सांगायचं नाही. क्षेत्रकार्यात माहिती गुप्त ठेवण्यावर आम्हाला एक आख्खं प्रकरण आहे. त्या प्रकरणात पिशवीची चेन लावा, असं कुठेच लिहिलेलं नाही.

दिवस तिसरा, खर्डा. नगरहून जामखेड आणि तिथून पुढे खर्डा. नगरपासून सकाळचा सगळा वेळ यातच जातो. जसजसं पूर्वेला जावं तसतसा ऊस विरळ होतो, ज्वारी दिसू लागते आणि आभाळ मोठं होतं. जामखेडच्या स्टँडसमोर मिसळ खा, पण 'मिडियम' मागू नका. मी मागितली आणि खर्ड्यापर्यंत तोंडाने श्वास घेतला.

ताराबाईंचं घर किल्ल्याच्या बाजूलाच आहे. सगळं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणतं, कारण अर्ध्या गावाला अंगणवाडीत बडबडगीतं त्यांनीच शिकवलीत. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, ओट्यावर शेंगोळ्याचं पातेलं. मी शकुंतलाकाकूंचं नाव सांगताच त्यांनी पातेलं खाली उतरवलं.

"शकू बरी हाय ना?"

"बऱ्या आहेत."

"म्या तिला साडी दिल्ती. वांगी रंगाची. नेसली का तिनं?"

प्रवासभर मी या प्रश्नाची तयारी केली होती. "हो, खूपदा," मी म्हणाले.

बाईंनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. मी चेन लावलेली होती, पण पिवळा काठ चेनमध्ये अडकून बाहेर आला होता.

"काढ," त्या म्हणाल्या. लहानपणी बाकाखाली लपवलेली चिंच काढावी तशी मी साडी काढली. त्यांनी ती मांडीवर घेतली. "खूपदा नेसली म्हनती. अगं, हिची घडीसुदिक मोडल्याली न्हाई."

मग मी सगळंच सांगितलं. दुसरीही शपथ मोडली. कुणी दिली, कुणाला दिली, चिठ्ठी, शेळी, सगळं. बाई ऐकता ऐकता हसायला लागल्या, एवढ्या की डोळे पुसायला पदर लावला. पण हसणं संपल्यावरही पदर डोळ्यांवरच राहिला.

"ही म्या माझ्यासाठी आनलीती, जामखेडातून. काठावरचे मोर आवडले म्हून."

पोपट आणि बदकं या विषयावर मी गप्प राहिले.

"तेवढ्यात शकू आली, न सांगता. पयल्यांदाच माझ्या घरला आली, माझ्या ताटात जेवली. तिला मोकळ्या हातानं कशी धाडू? घरात दुसरं नवं काय नव्हतं."

मी त्यांच्या मांडीवरच्या साडीकडे बोट केलं. "बाई, ही तुमचीच आहे. ठेवून घ्या."

त्या चिडल्याच. "दिल्यालं माघारी घेत्यात व्हय? हेच शिकवत्यात का कॉलेजात?" मग उठल्या. "घडी तू मोड. उठ, नेस."

मी पंजाबी ड्रेसमध्ये होते. बाईंनी ऐकून घेतलं नाही. कुडत्यावरच साडी नेसवली, निऱ्या स्वतःच्या हाताने खोचल्या, मी पोट आत घेतलं नाही म्हणून ओरडल्या आणि मला किल्ल्यात घेऊन गेल्या. भुईकोट आहे, चढण नाही. तरी साडीत बूट घालून जाऊ नका. दरवाज्यापाशी कॉलेजची पोरं फोटो काढत होती. त्यांनी किल्ला सोडून माझ्याकडे पाहिलं.

बुरुजाच्या सावलीत बाईंनी माझ्या फोनवरून घोडेगावला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. काकूंनी उचलला, माझा चेहरा दिसला. मग बाईंनी फोन हातात घेतला.

"शके, तुझी साडी किल्ल्यात हिंडतीय बघ."

पलीकडून काकूंचा आवाज आला, एरवीपेक्षा बारीक. "तारे, चुकलं माझं."

"ते जाऊ दे. फोन का उचलंनास? साडी गेली तर गेली, तू कुठं गेल्तीस?"

बाईच पुढे म्हणाल्या, "पुनवेला ये. आन मोकळ्या हातानं ये. काय आनलं तर दारातनं माघारी लावीन."

मी थोडी दूर जाऊन बुरुजाचे दगड पाहिले. ते पाहण्यासारखे आहेत.

परतीच्या प्रवासात पुण्यापर्यंत तीन बस लागल्या. घरी पोचायच्या आत पिंकीने व्हिडिओ कॉलमधला माझा साडीतला फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता. मावशीचा फोन आला. मी माफीची वाक्यं जुळवत होते, तर ती म्हणाली, "वैशे, कुडत्यावर कोन साडी नेसतं? नाक कापलंस माझं." एवढंच. विहीणबाईंचं आणि तिचं काय बोलणं झालं ते दोघींनी मला सांगितलेलं नाही. अभ्यासासाठीसुद्धा नाही.

निबंध सातच पानांचा झाला. सरांचा शेरा: "आता तुम्ही दिसता. जरा जास्तच. श्रेणी: ब." त्या बेटांबद्दल वाचताना मला वाटायचं, वस्तू फिरते म्हणून नाती टिकतात. खर्ड्याहून आल्यापासून मला तेवढी खात्री उरलेली नाही. कधीकधी एखादी वस्तू पुढे जाते आणि मागे कुणाचा तरी फोन वाजत राहतो.

सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी ती साडी नीट, ब्लाउजवर नेसून शाळेत गेले. चित्रकलेच्या देशपांडेबाईंनी पदर हातात घेतला, काठावरचे पक्षी निरखले आणि विचारलं, "छान आहे. कुठून घेतलीस गं?"

मी सांगायला सुरुवात केली. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा मी अजून घोडेगावातच होते.