पुढच्या दातांवरची रेघ

आमच्या नाटक कंपनीत कपडे शिवणाऱ्या बाईंना सगळे टाचणीबाई म्हणत. ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या असायच्या. मी राजांच्या भूमिका करायचो आणि माझं पोट राजाला शोभेल त्याहून जरा जास्तच वेगाने वाढत होतं. पोशाखाची बटणं लागेनाशी झाली की ती टाचण्यांमधूनच पुटपुटायची, "राजेसाहेब, राज्य वाढवा, कंबर नको." दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं, तर मी पहिल्या अंकातच सिंहासन सोडलं असतं.

टाचण्यांचा तिला आणखी एक उपयोग होता. नको तो प्रश्न कुणी विचारला की ती पटकन दोन टाचण्या ओठांत धरायची. मग काय बोलणार!

असा एक प्रश्न तिच्या लेकीच्या दातांचा होता. दुधाचे दात पडून पोरीचे नवे दात आले, ते रेघ घेऊनच. आडवी, खोलगट, पिवळसर रेघ, ओल्या मातीवर नख ओढल्यासारखी. "लहानपणी पायरीवरून पडली," एवढं टाचणीबाई सांगायची आणि ओठ मिटायची. हे खोटं आहे हे मला तिच्या आवाजावरूनच कळायचं. नट होतो मी, पाठ केलेलं वाक्य ओळखू येतं. खरं काय, ते मात्र ठाऊक नव्हतं.

पोरगी खेळताना खदखदून हसली की शिवणयंत्राचा आवाज थांबायचा आणि हाक यायची, "तोंड मिटून हस गं." पोरगी हसू गिळायची. एकदा मेकअपच्या खोलीत ती मला म्हणाली, "काका, आईला माझी लाज वाटते." मी म्हटलं, "वेडी आहेस का?" आणि राजाची मिशी चिकटवायला आरशाकडे वळलो.

पुढे पोरगी दातांच्याच मागे लागली. दंतवैद्यांच्या कॉलेजात ती शिकवू लागली. दात हिरडीच्या आत कसा घडतो, हा तिचा विषय. काढलेला दात घासून घासून कागदासारखा पातळ करायचा, काचेवर चिकटवायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा. टाचणीबाई म्हणायची, "मी कापड कापते, ही दात कापते. आमच्या घरात अखंड काही राहायचं नाही."

एकदा लेकीचा मला फोन आला. "काका, आईने मला शिकवताना कधी पाहिलं नाही. तुम्ही घेऊन या, नाहीतर ती यायची नाही." टाचणीबाईने नवे कपडे घातले, आणि आम्ही वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. उभं आयुष्य पडद्यामागे काढलेली बाई आज प्रेक्षकांत होती.

लेक बोलायला लागली आणि मी थक्क झालो. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ येत होता. दातावरचं चकचकीत कवच, म्हणजे इनॅमल, बनवणाऱ्या पेशी दाटीवाटीने रांगेत उभ्या असतात, असं ती सांगत होती. कवचाचा थर टाकायचा आणि मागे सरकायचं, पुन्हा थर टाकायचा, पुन्हा मागे सरकायचं. काम संपलं की त्या आक्रसतात. दात हिरडीतून बाहेर येतो तेव्हा त्यांच्यातली एकही शिल्लक नसते.

"म्हणून इनॅमलवर पुन्हा थर चढत नाही," ती म्हणाली. "दुरुस्ती करायला मागे कुणी राहिलेलंच नसतं."

मला आमचे पडदेवाले आठवले. सगळं उभं करून प्रयोगाआधी अंधारात निघून जाणारे. शेजारी टाचणीबाई मान खाली घालून बोटं चोळत होती.

मग भिंतीवर एक फोटो आला. मोठ्ठं हसू, सगळे दात दिसणारं.

"कुणाचे दात हे?"

"मॅडम, तुमचे!" वर्ग हसला. एका मुलीने विचारलं, "पडल्यामुळे झालंय का हे?"

"पडलं तर एखाददुसरा दात बिघडतो. इथे बघ, वरचे, खालचे, सुळेसुद्धा. ज्या दाताचं काम जिथवर आलं होतं, तिथे रेघ. म्हणजे सगळीकडच्या पेशी एकाच वेळी अडखळल्या. हे मूल दीड वर्षाच्या आसपास खूप आजारी होतं."

टाचणीबाईने माझं मनगट धरलं.

तास संपल्यावर लेकीने आम्हाला तिच्या लहानशा प्रयोगशाळेत नेलं. स्टुलावरची पेटी बाजूला करून आईला बसवलं, हातात चहा दिला.

"मुद्दाम बोलावलं मी तुला," लेक म्हणाली. "घरी विचारलं की तू टाचण्या धरतेस. मी पडले नव्हते ना, आई?"

"गोवर होता," टाचणीबाई म्हणाली. "मी निघाले तेव्हा अंग तापलेलं होतं तुझं. हाताला कळलं होतं मला. तुझी आत्या म्हणाली, वहिनी, आज जाऊ नका. मी म्हटलं, कंपनीने बोलावलंय, परगावी प्रयोग आहे." मग ती माझ्याकडे वळली. "राजेसाहेब, तुम्हीच सांगा हिला. बोलावलं होतं कुणी?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं. "कपडे सांभाळायला दुसरी बाई होती. पोर एवढीशी असताना तुम्ही आलात याचं आम्हाला नवलच वाटलं होतं."

"आत्या घाबरली. डॉक्टरकडे न्यायचं सोडून माझी वाट बघत राहिली. मी आले तेव्हा तू मान टाकली होतीस. वाचलीस. मग दुधाचे दात पडले, मला वाटलं, चला, त्या वेळचं काही उरलं नाही. नवे दात म्हणजे नवे, असंच समजत होते मी."

"ते तेव्हाच बनत होते, आई. हिरडीच्या आत."

"ते आज कळलं. मला वाटायचं, देवाने शिक्षा म्हणून वरून उमटवलंय."

"आजार तुझ्यामुळे नाही आला."

"वाढला माझ्यामुळे."

"तेवढं दात सांगत नाहीत." लेक आईसमोर बसली. "मला आयुष्यभर वाटलं, तुला माझी लाज वाटते."

"तुझी नाही गं बाई, तुझी नाही."

"मग का गेलीस?"

टाचणीबाईने कप दोन्ही हातांनी घट्ट धरला. "राणीचा निळा झगा शिवला होता. तसा पुन्हा जमला नाही कधी. दिव्यांच्या उजेडात कसा दिसतो ते बघायचं होतं. बस्स, एवढंच."

"कसा दिसला?"

ती प्रश्नाला तयार नव्हती. डोळे भरून आले.

"फार सुंदर दिसला," ती म्हणाली. "आणि बघत होते तेव्हा मला तुझी आठवणसुद्धा आली नाही."

लेक आईकडे बघत राहिली, राग होता की दुसरं काही, ते मलाही वाचता आलं नाही. मग तिने आईच्या हातातला गार चहा काढून घेतला, बेसिनमध्ये ओतला आणि तिच्यासाठी दुसरा करायला ठेवला.