सोबत आणलेल्या माणसाची सही

वेतवाल्या काकांना जन्मापासून दिसत नव्हतं, आणि त्याचं त्यांना विशेष काही वाटतही नव्हतं. खुर्च्या विणताना बोटं अशी चालायची की बघणाऱ्यानं थक्क व्हावं. जुनी बैठक चाचपून विचारायचे, "यावर बसणारे डावीकडे कलतात. पाठ धरते का हो त्यांची?" आणि खरंच धरलेली असायची! नगरपालिकेतल्या निम्म्या खुर्च्या त्यांच्याच हातच्या. पण बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, गेल्यापासून घरात आवाज म्हणून उरला तो गळक्या नळाचा.

बाजाराच्या तोंडाशी काकांची बसायची जागा. तिचा परवाना दर तीन वर्षांनी नवा करायचा. आजवर काकू अर्ज वाचून दाखवायच्या आणि काका सही ठोकायचे. सही मोठी झोकदार. काकूंनीच हात धरून शिकवलेली. यंदा काका एकटेच नगरपालिकेत गेले, तेही आज जाऊ, उद्या जाऊ करत अगदी शेवटच्या दिवशी. आज काम झालं नाही, तर उद्या जागा दुसऱ्याला.

खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "सोबत कोण आहे?"

"काठी."

"चेष्टा नको, काका. अंध अर्जदाराबरोबर घरचं माणूस लागतं. इथे त्याची सही लागते."

"अर्ज माझा, जागा माझी, हात माझे. घरच्या माणसानं काय खुर्च्या विणायच्यात?"

"पद्धत आहे आमची. मुलगा, पुतण्या, कोणीतरी असेलच की."

"असता तर तुमचं डोकं खायला मी कशाला आलो असतो?"

रांगेत खसखस पिकली. मागची एक कनवाळू बाई चटकन पुढे झाली. "द्या इकडे, मी करते सही. बहीण म्हणून लिहा."

बघा, काम फत्ते होत होतं! दुसरा कोणी असता तर लगेच हो म्हणाला असता. काकांनी मात्र अर्जावर आलेला तिचा हात हळूच बाजूला केला.

"ताई, तुमचं भलं होवो. पण दारातून बाहेर पडलात, की मी पुन्हा होतो तसाच. त्या रकान्यात खरं तेच लिहू द्या. कोणी नाही."

असला अर्ज खिडकीवरच्या बाईंनी जन्मात घेतला नव्हता. तरातरा साहेबांकडे गेल्या. आतून साहेबांचा आवाज आला, "पण नियमात कुठंय असं?" मग बराच वेळ कागद उलटल्याचं ऐकू आलं. कुठेच नव्हतं! कुण्या जुन्या कारकुनानं सुरू केलं, पुढच्यांनी तसंच रेटलं. नियम एवढाच होता, की अर्जदाराला वाचता येत नसेल तर कार्यालयानं वाचून दाखवावं.

बाई बाहेर आल्या, काकांशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि वाचू लागल्या. नाव, पत्ता, पुढे अकरा अटी. आवाज आधी फणकाऱ्याचा, मग थकलेला, मग हळूहळू घरात बोलावं तसा. काका मान तिरकी करून ऐकत राहिले. इतकं सलग त्यांच्याशी कोणी बोललं, त्याला वर्ष लोटलं होतं.

"संपलं. इथे करा सही." बाईंनी बोट धरून जागा दाखवली.

काकांनी पेन टेकवलं आणि थांबले.

"ती पाचवी अट," ते म्हणाले, "नीट ध्यानात आली नाही. जरा पुन्हा वाचता का? आणि तिच्या आधीच्या चारही."