कापून टाकलेला आवाज

“मामा, अजून एकदा घेऊ,” हेडफोनमधून मुजीब म्हणला.

मी त्याच वाक्यावर परत अडकलो होतो. वाक्य काही अवघड न्हवतं. गोष्टीतली म्हातारी विहिरीवर जाती अन् दोर तुटतो, एवढंच. पण मोठ्यानं वाचणाऱ्याचा डोळा तोंडाच्या एक ओळ पुढं पळायला पाहिजे. तोंड ही ओळ बोलतंय तवर डोळ्यानं पुढची बघून ठेवायची. माझा डोळा तोंडाच्या मागं राहतो. चौथीत शाळा सुटली. पेपर बी मी बोट ठेवून वाचतो.

मग असल्या माणसाला पुस्तकं वाचायचं काम कुणी दिलं? ते सांगतो. जळकोटला मी जीपवर भोंगा लावून पुकारा करायचो. बियाणं, साड्यांचा सेल, जत्रेतल्या कुस्त्या, कुणी वारलं तर अंत्यविधीची वेळ. आवाज तेवढा देवानं दिला होता. मोबाईलवर ऐकायची पुस्तकं काढणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीला खेड्यातल्या गोष्टींसाठी खेड्यातलाच आवाज पाहिजे होता. त्यांचं रेकॉर्डिंग नांदेडला मुजीबच्या स्टुडिओत व्हायचं. स्टुडिओ म्हणजे त्याच्या भावाच्या टायरच्या दुकानावरची खोली, भिंतींना फोम लावलेला. मुजीबनं माझा पुकारा जत्रेत ऐकला होता. त्यानं बोलावलं अन् मी पहिल्याच पानावर फेल.

संग चंद्रकला आली होती, माझी बायको. दहावी नापास, पण वाचायची घडाघडा. माझी फजिती बघून तिनं खुर्ची ओढली अन् शेजारी येऊन बसली. “मी म्हणते तसं म्हणा,” म्हणली.

तिथून आमचं काम तसंच चाललं. तिनं एक वाक्य वाचायचं, सपाट, किराण्याची चिठ्ठी वाचावी तसं. ते ऐकून मी माझ्या सुरात म्हणायचं. नंतर मुजीबनं कॉम्प्युटरवर तिचं वाक्य कापायचं अन् माझं ठेवायचं. ऐकणाऱ्याला वाटायचं, एकटा म्हातारा पारावर बसून सांगून राहिलाय. असं आम्ही पुस्तकामागून पुस्तक केलं.

मुजीब म्हणायचा, “मामी मालक अन् मामा नुस्ता भोंगा.”

ती म्हणायची, “घरी बी तसंच हाय बाबा. नवं काय सांगितलंस?”

दिवाळीनंतर ती गेली. सकाळी चुलीवर चहा ठेवला, भिंतीला टेकून बसली अन् परत उठली न्हाई. चहा उतू गेला म्हणून मी आत गेलो.

पुस्तक अर्धं राहिलं होतं.

तेराव्याला माझी लेक सुनीता, धर्माबादला दिलेली, माझ्याजवळ येऊन बसली. म्हणली, “बाबा, आईचा आवाज कुठं हाय का हो? फोटो हायत. आवाजच न्हाई कुठं.” भाच्याच्या लग्नाच्या व्हिडिओत चंद्रकला कुणाशी तरी बोलताना दिसती, पण वर बँड वाजतोय. फोनवर बोलणं झालं ते हवेत गेलं.

मी लेकीला म्हणलो, “रडू नको. नांदेडला लई आवाज हाय तिचा. पुस्तकंच्या पुस्तकं वाचलीत तिनं. आणून देतो.”

लेकीला शब्द दिला तो असा. म्हणून त्या दिवशी मी पेनड्राइव्ह घेऊनच नांदेडला आलो होतो. विहिरीवरच्या म्हातारीपाशी अडकलो तसा हेडफोन काढला अन् बाहेर मुजीबच्या टेबलापाशी आलो.

“मुजीब, ते वाचायचं राहू दे. आधी चंद्रकलाचा आवाज भरून दे ह्याच्यात.”

त्याचा हात माऊसवरच थांबला. “कोणता आवाज, मामा?”

“तू कापलेला.”

“बसा मामा.”

“बसत न्हाई. तू दे.”

तो काही द्यायला उठला न्हाई. मग त्यानं मला रॉ म्हणजे काय ते समजावलं. इतकी वर्षं काम केलं, पण ते विचारायची वेळ आली न्हवती. खोलीत जे जे वाजलं ते सगळं रॉ. खोकला, पान उलटल्याचा आवाज, चुकलेलं वाक्य, शेजारचं माणूस. ते सगळं काढून साफ केलेलं कंपनीला जातं, ते फायनल. फायनल पास झालं की रॉ डिलीट. न्हाईतर डिस्क भरती अन् पुढचं काम अडतं. कंपनीचा बी तसाच नियम.

“सगळ्या पुस्तकांचं केलं?”

“सगळ्या.”

“अन् हे अर्धं? हे तर अजून पास झालं न्हाई.”

मुजीबनं फाईल लावली. स्पीकरवर माझा आवाज आला. एक वाक्य. मग मोकळी जागा. मग दुसरं वाक्य. परत मोकळी जागा. त्या जागेत काहीच न्हवतं. खालच्या दुकानात टायरमध्ये हवा भरून राहिले होते, तेवढं बारीक येत होतं.

“इथं ती बोलली होती,” मी म्हणलो. “हे बी साफ केलंस?”

“न्हाई मामा. हे रॉच हाय.”

तवा मला आठवलं. ह्या पुस्तकापासून मुजीबनं तिला बाहेर आपल्या टेबलापाशी बसवलं होतं. आत तिच्या बांगड्या वाजायच्या अन् कापताना त्याचे दिवस जायचे. टेबलावर एक छोटा माईक असतो. बटण दाबून त्याच्यात बोललं की आतल्या माणसाच्या हेडफोनमध्ये ऐकू येतं. त्याला टॉकबॅक म्हणतात. तिला ते बटण लई आवडलं होतं. अर्धं पुस्तक तिनं त्याच्यावरच सांगितलं.

“टॉकबॅक रेकॉर्ड होत न्हाई, मामा.”

“मग तिनं बोललेलं गेलं कुठं?”

“तुमच्या कानात. तेवढंच.”

“माझ्या कानाला पेनड्राइव्ह लागतो काय रे?” मी वरडलो. खालचं हवा भरायचं मशीन बंद झालं.

मुजीबनं तोंड खाली घातलं. पोरगा वाईट न्हाई. त्याचं काम चोख. कापायच्या कामात तर कुणी त्याचा हात धरू शकत न्हाई. तीच माझी पंचाईत झाली. चुकार असता तर कुठंतरी तिचं काहीतरी राहिलं असतं.

मग त्यालाच एक आठवलं. एका पुस्तकात त्याच्याकडून तिचा एक शब्द राहून गेला होता. मी घाईत वाचून राहिलो होतो अन् ती मधीच “हळू” म्हणली. फायनलमध्ये तसंच गेलं. कुणीतरी ऐकून कंपनीला कळवलं, मधी बाईचा आवाज येतो म्हणून. हे आठवल्याबरोबर मुजीबनं पुण्याच्या कंपनीतल्या मॅडमला फोन लावला अन् स्पीकरवर टाकला.

“काका, कळलं मला. फार वाईट झालं.”

“मॅडम, ते बाईचा आवाज आलेलं जुनं तेवढं काढून द्या. एकच शब्द हाय.”

“पण ती एरर होती ना, काका. आम्ही फाईल रिप्लेस केली. सर्व्हरवर आता नवीनच आहे.”

“एरर न्हवती ती. बायको होती माझी.”

मॅडम म्हणाल्या, “सॉरी काका. जुनी फाईल आम्ही ठेवत नाही.” अन् पुढं विचारलं, “पुस्तकाचं कसं करायचं? जमत नसेल तर अजिबात त्रास करून घेऊ नका. उरलेलं आम्ही एआयकडून तुमच्याच आवाजात करून घेऊ.”

“एआय म्हणजे ते मशीन? ते माणसाच्या आवाजात बोलतं?”

“हो. कळतसुद्धा नाही.”

“मग तिच्या आवाजात करा की दोन वाक्यं.”

“त्यासाठी तिच्या आवाजाचा सॅम्पल लागेल, काका.”

मी म्हणलो, “बरं.” दुसरं काय म्हणणार.

एसटी स्टँडवरून सुनीताला फोन केला. तिनं पहिलंच विचारलं, “मिळाला का बाबा?”

“न्हाई.”

“इतकं रेकॉर्ड झालं म्हणला होता तुमी.”

“झालं होतं. कापलं.”

“कुणी कापलं?”

“कापायचंच काम असतं ते, सुनीता.”

फोन कुणी ठेवला न्हाई. जळकोटची गाडी लागली, कंडक्टरनं आवाज दिला, तवा मी ठेवला.

पुस्तक मीच पुरं केलं. माझा आवाज मशीनच्या तोंडात द्यायचा न्हवता, एवढंच कारण. मुजीब बटण दाबून एक एक वाक्य सांगायचा. पहिल्यांदा तो दुःखी सूर लावून सांगायला लागला. मी म्हणलो, “तू नाटक करू नको. नुस्तं वाच.” मग त्यानं नुस्तं वाचलं. पण हेडफोनमध्ये प्रत्येक वाक्याला मी दुसऱ्याच आवाजाची वाट बघायचो, अन् प्रत्येक वाक्याला मुजीब यायचा. विहीर झाली, म्हातारी झाली, पुस्तक संपलं. मॅडमचा मेसेज आला की पुस्तकाच्या दुसऱ्या अर्ध्यात काकांनी फार जीव ओतलाय. कंपनीनं पुढचं पुस्तक पाठवलंय. ते तसंच पडून हाय. मी न्हाई म्हणून कळवणार हाय.

ह्या कामात नवीन येणाऱ्याला माझं एवढंच सांगणं. फायनल कंपनीचं असतं, ते राहतं, त्याची काळजी करू नका. रॉ पहिल्याच दिवशी मागून घ्या, चुका असतील तरी घ्या, अन् घरी नेऊन ठेवा. नंतर मागायला गेलं तर द्यायला कुणाकडं काही नसतं, अन् भांडावं म्हणलं तर चूक कुणाचीच निघत न्हाई.