मेल्यावर एका वर्षाने लहान

आमच्या विमा कंपनीच्या अ‍ॅक्च्युअरी खात्यात ती तीन महिन्यांसाठी इंटर्न म्हणून आली आणि पहिल्याच दिवशी तिने माझं डोकं उठवलं. "मॅडम, एक शंका आहे." झालं! तेव्हापासून ऑफिसात तिचं नाव शंकाच पडलं.

आमचं काम सरळ. कितव्या वर्षी किती माणसं मरतात ते मोजायचं, त्याचा तक्ता करायचा, त्यावरून हप्ता ठरतो. तक्ता माझा, नऊ वर्षं मीच करते. ह्या बयेला फक्त आकडे भरायला सांगितले होते. पण नाही! "मॅडम, हा बेकरीवाला कशाने गेला?" अगं, तुला काय करायचंय? गेला ना, एक लिही!

जेवताना शंका, जिन्यात शंका, हात धुताना शंका. मधल्या मधे घरचंही सांगून मोकळी झाली. वडील नाहीत, धाकट्या बहिणीचं शिक्षण हिच्याच अंगावर, म्हणून ही नोकरी कायम व्हायलाच हवी. आता कायम करायचं की नाही, हा शेरा लिहिणार मी. आणि ही पिडतेय कुणाला, तर मला! अक्कल म्हणून नाही.

तक्ता मोठ्या साहेबांकडे जायच्या आदल्या दिवशी ती रेकॉर्डरूममधून धुळीने माखून आली. हातात त्याच बेकरीवाल्याची फाइल.

"मॅडम, एक शंका. माणूस मेल्यावर एका वर्षाने लहान होतो का?"

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"हा चाळीस वर्षं आठ महिन्यांचा होता. जिवंतांच्या यादीत आपण जवळचा वाढदिवस धरतो, म्हणून तिथे एकेचाळीस. मेलेल्यांच्या यादीत पूर्ण झालेली वर्षं धरलीत, म्हणून चाळीस. दोनशे फायली काढल्या, एकशेतीन अशाच निघाल्या. माणसं आहेत त्यापेक्षा लवकर मरताना दिसतात, मॅडम. हप्ता उगाच वाढतो."

मी तिला हाकलून दिलं. मग दार लावून स्वतः पाहिलं. कार्टी बरोबर होती. मेलेल्यांची ती यादी मीच बसवलेली. नऊ वर्षं लोक जास्त हप्ता भरत होते, माझ्यामुळे. चिडले तर कुणावर चिडावं कळेना, म्हणून तिच्यावरच चिडले.

दुसऱ्या दिवशी दोघी साहेबांपुढे. मी कसंबसं म्हटलं, "वयांत जरा गोंधळ झालाय."

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "नवीन आहे, व्हायचंच. पण असल्या मुलीला कायम कसं करायचं? तसं लिहून टाका." आणि शेऱ्याचा कागद माझ्यापुढे सरकवला.

आता बोल ना, बये! तीन महिने तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. आणि आज ही फाइल छातीशी धरून जमिनीकडे बघत उभी.

असा संताप आला मला! म्हणजे हेही मीच बोलायचं?

"साहेब, चूक माझी आहे. नऊ वर्षांची. हिने पकडली." आणि उभ्या उभ्याच 'कायम करावे' लिहून सही ठोकली.

मी बाहेर आले. ती मागून आलीच.

"मॅडम, एक शंका आहे."

"आता काय?"

"तुमची नोकरी राहील ना?"

नेहमीसारखं 'कामाला लाग' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि म्हटलं, "माहीत नाही गं. चल, चहा घेऊ."